बद्रीच्या झाडाला पाणी

आखितीच्या सकाळी नानासाहेब औताड्यांनी जी पहिली आरोळी ठोकली तिनं मोसंबीतले सगळे व्हले उडाले, विहिरीवरचं कुत्रं इंजिनाच्या खोलीमागं जाऊन दडलं, आणि दौलताबादच्या रस्त्यानं चाललेला एक टांगेवाला आपलंच काहीतरी चुकलं असं समजून टांगा थांबवून खाली उतरला. पडेगावात काही लोक ही शेवटची गोष्ट खोटी मानतात. त्या लोकांनी नानासाहेबांचा आवाज ऐकलेला नाही, एवढंच त्यावर म्हणता येईल.

"पाणी! कुणी घातलं पाणी? समोर या, समोर!"

समोर कोण येणार? बागेत नानासाहेब एकटेच होते. पहिल्या ओळीतल्या एका झाडाच्या बुडाशी ते उकिडवे बसले होते आणि त्यांची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत रुतलेली होती. माती गार होती. बोट बाहेर काढलं तर त्याला चिखल चिकटून आला.

वैशाखात ह्या बागेत चिखल म्हणजे देवळात बाटली सापडण्यासारखंच. सगळी बाग ताणावर होती. चैत्र लागताच नानासाहेबांनी इंजिन बंद करून खोलीला कुलूप घातलं होतं. मृगाचा बहार धरायचा तर मोसंबीला आधी तहानेनं व्याकूळ करावं लागतं. पानं मरगळतात, कडा आत वळतात, पिवळी होऊन गळतात. बघणाऱ्याच्या घशाला कोरड पडते, पण हात आवरायचा. मग मृग लागला की शेणखत, पेंड आणि वरून हलकं पहिलं पाणी. मरायला टेकलेलं झाड त्या पाण्यानं असं फुलतं की पान दिसत नाही. पण मधेच कुणी दया दाखवली, घागर रिकामी केली, की झाड निर्धास्त होतं. फुलायचं सोडून नुसती पालवी फेकत बसतं. वर्ष वाया.

नानासाहेबांचे ह्या दिवसांतले बाकीचे नियमही साऱ्या घराला पाठ होते. लहान कलमांना ताण नाही. त्यांच्या बुडाशी भोकाचं मडकं पुरायचं, भोकात चिंधीची वात घालायची, वरून तुराट्यांची सावली करायची. आळ्यात पाचट अंथरायचं. मोठ्या झाडांच्या खोडांना उन्हाआधी चुना फासायचा. दुपारी छाटणीची कात्री हातात दिसली तर ती कात्री नानासाहेब कुठं वापरतील ते सांगता येत नसे. ह्या नियमांपुढं निजामाचा अंमल मवाळ होता असं त्यांचे मधले बंधू तात्यासाहेब म्हणत. म्हणत शहरात, कचेरीसमोरच्या हॉटेलात. पडेगावात नव्हे.

आता ओलं झालेलं झाड दुसरं कोणतंही असतं तर चार शिव्यांवर भागलं असतं. पण ते बद्रीनाथचं झाड होतं.

पोलीस ॲक्शननंतर औताडे सरहद्दीपलीकडून घरी परतले तेव्हा थोरल्या आप्पासाहेबांनी, म्हणजे नानासाहेबांच्या वडिलांनी, ही पहिली ओळ लावली होती, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक झाड. धाकट्या बद्रीचंही लावलं. बद्री तेव्हा घरात नव्हता. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या गडबडीच्या उन्हाळ्यात देवगाव रंगारीला मावशीकडं जातो म्हणून तो घोडीवर बसला होता. तिसऱ्या दिवशी घोडी परत आली, खोगिरासकट. नंतर कुणी त्याला लासूर स्टेशनच्या बाजारात मिरच्या विकताना पाहिला. कुणी त्याला नाशकात दाढीजटा वाढलेला पाहिला. एका शपथ घेणाऱ्यानं तर त्याला एकाच दिवशी दोन गावांत पाहिला. नऊ वर्षं अशी गेली. आप्पासाहेब वाट पाहता पाहता गेले. बद्रीची बायको सरूबाई कपाळाला ठसठशीत कुंकू लावून घरात वावरत राहिली आणि रोज त्या झाडाचा पाला वेचत राहिली.

आखितीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, गेलेल्यांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून ठेवतात, म्हणजे वैशाखाच्या उन्हात त्यांच्या जिवाला पाणी पोचतं. पाडव्याला नानासाहेब म्हणाले होते, "औंदा बद्रीचा करा भरायचा. त्याचा जीव तहानेला असंल कुठंतरी. लई झालं आता." त्यावर सरूबाईनं थोरल्या जावेकडून निरोप धाडला होता: मृगापर्यंत थांबा. त्याचं झाड फुललं तर तो आहे, मग पुन्हा कऱ्याचं नाव काढायचं नाही. नाही फुललं तर मी माझ्या हातानं भरीन. नानासाहेबांनी मान हलवली होती. झाडावर त्यांचा माणसापेक्षा जास्त भरवसा होता.

आणि आता त्या झाडाच्या शेंड्याला पोपटाच्या चोचीएवढी कोवळी पालवी फुटली होती. नानासाहेब पेंड आणायला आठवडाभर लासूर स्टेशनला गेले होते, रात्रीच परतले होते. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला होता. त्यांनी मूठभर चिखल उचलला आणि घराकडं निघाले. कडेच्या ओळीतल्या झाडांकडं त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं बद्री होता, घोडीवर बसून मागं वळून हसणारा, आणि तो आठवला की त्यांना दुसरं काही सुचत नसे, फक्त राग येत असे.

ओसरीवर पुरण वाटणं चाललं होतं. नानासाहेबांची भागूबाई पाट्यापाशी होती. तात्यासाहेबांची मनकर्णाबाई कणीक तिंबत होती. शहरातून आल्यापासून तिच्या तोंडाची टकळी थांबली नव्हती. सरूबाई आतल्या दाराशी आंबे पिळत होती. कोनाड्यात गव्हाच्या राशीवर दोन करे मांडलेले होते, आप्पासाहेबांचा आणि सासूबाईंचा. तिसरा कोरा करा बाजूला पालथा होता. भागूबाईनं कुंभारणीकडून आणताना तीन आणले होते, का ते तिनं सांगितलं नव्हतं.

चिखलाची मूठ थेट पाट्याशेजारी येऊन आपटली. पुरणात शिंतोडे उडाले.

"अवो, सोवळ्याचं हाय ते!" भागूबाई ओरडली.

"सोवळं गेलं चुलीत! बद्रीच्या झाडाचा ताण तुटला. आळं ओलं, पालवी हातभर. आता ते फुलत नाय, ब्रह्मदेव आला तरी नाय." एरवी नानासाहेब एक बोट पालवीला बोटभरच म्हणत, आज हातभर झाली होती. "मग मृगाची वाट कशाला बघायची? आजच भरा करा. माध्यान्हीच्या आत भरा. नैवेद्य तीन वाढा."

आतल्या दाराशी आंब्याची कोय परातीत पडली. सरूबाई उठून उभी राहिली, पदर कपाळाखाली ओढला. नानासाहेब तिचे भासरे, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. घराण्याची रीतच ती. काही सांगायचं झालं तर आक्कांना, म्हणजे भागूबाईला सांगायचं, तेही दाराआडून.

"आक्का," ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, ज्यानं पाणी घातलं त्यानं डाव केला. डाव करणाऱ्याच्या हातानं झाड हरलं तर ते हरणं नव्हं. त्याला आधी धुंडा म्हणावं."

"धुंडायचं काय?" मनकर्णाबाई कणकेचा गोळा आपटत म्हणाली. "जिचं झाड तिला पान्हा फुटला असंल. वैशाखात झाड तडफडतं, बाईमाणसाला बघवत नाय."

"मी?" सरूबाईचा पदर मागं सरकला. "मनकर्णाबाई, माझ्या हातानं मी कुंकू पुसीन व्हय? त्या झाडाचं पान गळलं की मी वेचून मोजत होते, अजून लई गळू दे म्हणत होते. तुमच्या पोटात इतकी माया आली कुठून? शहरात पाण्याचा नळ हाय म्हणून?"

"बघा! बघा कसं बोलते!"

नानासाहेबांचं लक्ष बायकांकडं नव्हतं. ते अंगणातल्या लिंबाखाली राखुंडीनं दात घासणाऱ्या तात्यासाहेबांकडं बघत होते. कचेरीतला माणूस, धोतर पांढरंशुभ्र, काठ मात्र ओला.

"तात्या. पहाटं तू बागेकडनं आलास."

"आलो."

"हातात लोटा होता."

तात्यासाहेबांनी चूळ भरली. "नाना, पहाटे माणूस लोटा घेऊन कुठं जातो?"

"पाण्यानं भरलेला लोटा!"

"मग कोरडा नेऊ?"

कुणीतरी खुदकन हसलं. बहुधा मनकर्णाबाई. त्यानं नानासाहेबांचा पारा आणखी चढला. "दात काढू नका! ह्यालाच घाई होती. पाडव्याला हाच म्हणाला, कशाला मृगाची वाट, एकदाचं उरकून टाका. तिनाच्या जागी दोन हिस्से, म्हणून मेलेला पायजे होता तुला भाऊ! काल सांजचं आलास आन आज पालवी?"

"पालवी काय एका रात्रीत येते?"

"तू त्याच्याआधी शुक्रवारी येऊन गेलास, मी नव्हतो तवा! गुळाची ढेप घ्यायला! हरामखोरा, लोट्यानं भाऊ मारलास!"

आता तात्यासाहेबांचं असं होतं की कचेरीत ते अव्वल कारकुनाच्या शिव्या खाऊन हसत, पण घरी त्यांना एक शब्द सोसत नसे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. राखुंडी त्यांनी लिंबाच्या खोडावर फेकली. आणि रागाच्या भरात माणूस स्वतःच्या बचावाला जे हाती लागेल ते उचलतो, तसं त्यांनी नको ते उचललं.

"मी? मला तो मेलेला हवाय? नाना, शुद्धीवर या! पाडव्याला म्हणालो ते अजाणता म्हणालो. नंतर वकिलाला विचारलं. कानून बदललाय. नवीन आलाय गेल्या साली, साऱ्या मुल्कात एक. भाऊ मेला की त्याचा हिस्सा भावांत नाही जात आता. त्याच्या बायकोच्या नावावर जातो! पूर्ण हक्कानं! विकील, दान करील, नदीत टाकील, तिची मर्जी. सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की अदालत त्याला मेलेला मानते, वर तुम्ही घरच्यांनी करा भरला म्हटल्यावर साक्षीला आणखी काय पाहिजे? मी कशाला पाणी घालू त्या झाडाला? उलट मी रोज देवाला म्हणतो, फुलू दे बाबा, बद्री जितके दिवस जिवंत आहे तितकं बरं!"

बोलून झालं. नंतर त्यांना कळलं आपण काय बोललो.

मनकर्णाबाईनं कणकेचे हात कपाळाला लावले. "तुमच्या जिभेला काही हाड!" ती दातओठ खात म्हणाली. "महिनाभर मला दम दिला, कुठं बोलू नको, कुठं बोलू नको. आन स्वतः अंगणात दवंडी!"

नानासाहेब भावाकडं बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं. मघाशी त्यातून करा भरा, करा भरा निघत होतं; आता तेच तोंड मिटता मिटत नव्हतं. बागेची पहिली ओळ, विहिरीचा तिसरा हिस्सा, चिंचेखालची काळी जमीन, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून त्या दाराआडच्या बाईच्या पदरात पडलं असावं. त्यांनी उपरण्यानं मान पुसली.

"म्हंजी," ते म्हणाले, आणि आवाज एकदम घरगुती झाला, "तशी घाई काय हाय म्हणा. झाडाचं काय, झाड हाय ते. पालवीतबी एखादं फूल येतं. आपण मृगापर्यंत थांबू. बद्री माझा भाऊ हाय. तो हाय. माझं मन सांगतं."

"बरोबर," तात्यासाहेब घाईनं म्हणाले. "माझंही."

पडेगावात आजवर पुष्कळ माणसं मेली आणि काही परतही आली म्हणतात, पण सकाळी मेलेला माणूस चूळ भरेपर्यंत जिवंत झाल्याचं हे एकच उदाहरण.

भागूबाईनं हे सगळं पाट्यापाशी बसून ऐकलं. पाटा तिनं थांबवला नव्हता. नवरा ओरडतो तेव्हा ती वाटत राही. ओरडणं संपलं की पुरण तयार असे. पण आता तो हळू बोलायला लागल्यावर तिचे हात थांबले. ओरडणाऱ्या नानासाहेबांबरोबर तिनं जन्म काढला होता. हा हळू बोलणारा माणूस तिला ओळखीचा वाटेना, आणि जो वाटला तो आवडेना.

तिनं वरवंटा बाजूला ठेवला.

"पाणी मी घातलं," ती म्हणाली.

"काय?" नानासाहेब.

"मी घातलं. तुम्ही लासूरला गेला त्या दिसापास्नं. सकाळच्या पारी, भांडी घासायची घागर कमरेवर घेऊन. वरनं कोरडी माती ओढायची, सरूला दिसू नये म्हणून. रोज."

"आक्का?" हे आतून आलं. आवाज एवढा बारीक होता की लहान पोरीचा वाटावा.

"तुला येड लागलं?" नानासाहेब पुन्हा मूळच्या आवाजावर आले. "ताणावरच्या झाडाला? तीस वर्षं माझ्या घरात राहून तुला एवढंबी कळंना?"

"कळतं म्हणूनच घातलं. फुलू नये म्हणून घातलं." भागूबाई उठली. तिचे गुडघे करकरले. "मनकर्णानं पाडव्यानंतर सांगितलं मला, कानूनाचं. चुलीपुढं बसून, जीभ चावत चावत. मला वाटलं, देवानंच धाडलं हे. एकदा करा भरला की सरूचं सरूला मिळंल."

"मी तुमाला घरचं म्हणून सांगितलं!" मनकर्णाबाई किंचाळली. "सांभाळून ऱ्हावा म्हणून! आन तुम्ही घरच उलथं केलं!"

"तू गप."

सरूबाई दारातून बाहेर आली. तिच्या हाताच्या कोपरापर्यंत आमरस होता. ती थेट भागूबाईसमोर येऊन उभी राहिली. अंगणात दोन पुरुष होते, भासरा होता, तिच्या डोक्यावर पदर नव्हता. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

"तुमाला ठावं होतं ते झाड काय हाय माझं."

"ठावं होतं."

"तुम्हीच तर निरोप नेला होता माझा. मृगापर्यंत थांबा म्हणून. तुमच्या तोंडानं मी बोलत होते आक्का, नऊ वर्षं. मला दुसरं तोंड न्हवतं."

"म्हणूनच!" भागूबाईलाही राग चढला. तो बराच जुना असावा, कारण सगळा एकदम वर आला. "नऊ वर्षं तू माझ्या घरात पाव्हणी हायेस. पीठ घेताना माझ्याकडं बघतीस, घेऊ का म्हणून. लुगडं फाटलं तर दोरा घालतीस आन लपवतीस. आजारी पडलीस तर आधी उठून भाकरी थापतीस, कुणी फुकट खाते म्हणू नये. मला सोसत नाय ते! तो येतो का नाय येतो, तुझं काय? ह्या दोघांची पोरं मोठी होतील, त्यांच्या बायका येतील, त्या तुला काय म्हणून ठेवतील? झाड फुललं तर काय व्हणार होतं गं? अजून एक साल. अजून एक साल पान वेचत बस. मला तुझं भलं करायचं होतं."

"मला विचारून?"

भागूबाईनं हातावरचं पुरण पदराला पुसलं.

"मला एकदा विचारायचं होतं. सरू, तुला जमीन पायजे का नवरा पायजे. मी काय सांगितलं असतं ते मलाबी ठावं नाय. पण विचारायचं होतं. ह्यांनी," तिनं बघितलं नाही, नुसता हात लिंबाकडं केला, "ह्यांनी जिवंत केला काय, मारला काय, मला त्याचा राग येत नाय. ह्यांचं मी कधी धरलंच न्हवतं. तुम्ही घागर भरून नेत होता आन मी त्याच येळी गोठ्यात शेण काढत होते. तुम्ही माघारी येऊन मला च्या दिला."

"सरू..."

"तुम्ही मला च्या दिला आक्का."

भागूबाईनं तिच्या दंडाला हात लावायला पुढं केला. सरूबाईनं तो झटकला नाही. ती फक्त एक पाऊल बाजूला झाली, आणि तो हात तसाच हवेत राहिला.

मग ती वळली. आणि सबंध पडेगावच्या औताड्यांच्या इतिहासात, म्हणजे आप्पासाहेबांच्या पणजोबांनी वाघाच्या पाठीवर बसून शीव आखली तिथपासून, जे झालं नव्हतं ते झालं. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलली. दाराआडून नव्हे, समोर उभं राहून.

"नाना."

नानासाहेबांनी मागं पाहिलं, आपल्या मागं दुसरा कुणी नाना उभा आहे का ते.

"नाना, तुम्हाला विचारते. बद्रीनाथ जिवंत हाय का मेला?"

नवऱ्याचं नावही तिनं त्याच दमात घेतलं. मनकर्णाबाई "अगं बाई" म्हणाली आणि कणकेच्या परातीवर बसता बसता राहिली.

"तुम्ही घरचे थोरले. तुम्ही म्हणाल ते मी मानते. मेला म्हणा. मी आत्ता ह्या हातानं करा भरते, कपाळ पुसते, आन तात्यांच्या कानूनानं त्याचा तिसरा हिस्सा माझा. जिवंत म्हणा, तर मी त्याची बायको. तो येईस्तवर त्याचं मी कसते, त्याच्या वतीनं. त्याची बाग, त्याचं पाणी, त्याची जमीन. सांगा. एक काय ते सांगा."

"सरूबाई, कानून असा नसतो," तात्यासाहेब मधे पडले. "नवरा हयात असेल तर बायकोला तसा हक्क..."

"तात्या, तुमाला नाय विचारलं."

तात्यासाहेब लिंबाला टेकले.

नानासाहेबांना दोन्ही उत्तरं माहीत होती. दोन्ही त्यांनी एकाच सकाळी दिली होती. पहिलं दिलं तेव्हा त्यांना खरंच वाटत होतं की बद्रीचा जीव पाण्यावाचून भटकतो आहे. मध्यरात्री जाग आली की ते माठातलं पाणी प्यायचे आणि तांब्या खाली ठेवताना त्यांना तो आठवायचा. दुसरं उत्तर मात्र त्यांना जमिनीनं शिकवलं होतं, आणि ते ह्या बाईनं ऐकलं होतं. ते तिच्याकडं बघू शकले नाहीत. त्यांनी तिच्या हाताकडं बघितलं. आमरस वाळून सालपटासारखा उकलायला लागला होता.

"मला ठावं नाय," ते म्हणाले.

ह्या आवाजाला टांगेवाला सोडा, पाट्यावरची माशीही उडाली नसती.

"मलाबी नाय," सरूबाई म्हणाली. "म्हणून करा भरायचा नाय. आन हिस्साबी सोडायचा नाय."

तिनं कोनाड्यातला पालथा करा उचलला, उतरंडीच्या अगदी वरच्या गाडग्यावर पालथाच ठेवला. मग गोठ्याच्या भिंतीला लावलेली कुदळ घेतली आणि बागेकडं निघाली.

"कुठं चालली?" मनकर्णाबाई म्हणाली. "सण हाय, नैवेद्य व्हायचाय, आन ही कुदळ घेऊन..."

"तात्या," नानासाहेब म्हणाले.

"हां?"

"खुंट्या आण. आन सुतळी. बद्रीचा हिस्सा आखायचा."

"नाना! आज? अहो, माध्यान्ह होईल. आणि असं तोंडी कबूल करायचं नसतं, वकिलाला..."

"आखितीला सुरू केलेलं सरत नाय म्हणतात. तुझा वकील सरंल, हे नाय सरायचं. खुंट्या आण म्हणतो ना!" हे मात्र पुन्हा त्या जुन्या आवाजात होतं, आणि तात्यासाहेब धोतर सावरत गोठ्यामागं पळाले. मनकर्णाबाईनं परातीतली कणीक उचलून पुन्हा परातीत आपटली आणि ती नवऱ्याला, सासरला, नव्या सरकारला आणि त्या वकिलाला एकदमच शिव्या देऊ लागली. त्या तिनं मोजून दिल्या असत्या तर चौघांनाही सारख्या भरल्या असत्या.

बागेत ऊन असं होतं की कावळा झाडावरून उडाला तर त्याची सावली खालीच राहत होती. सरूबाई बद्रीच्या झाडापाशी पोचली. ओल्या मातीचं काय करायचं ते तिला माहीत होतं. दरसाल जास्त भारी जमिनीतल्या झाडांना नानासाहेब तेच करायला लावत. आळ्यातली माती उकरून मुळ्या उघड्या करायच्या, ऊन खाऊ द्यायच्या. ओल निघून जाते, ताण पुन्हा बसतो. कधी बसतो, कधी नाही.

तिनं कुदळ घातली. वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला, खाली काळा गार चिखल. हातानं तो बाजूला करत ती मुळीपर्यंत पोचली. जुन्या तपकिरी मुळीला पांढरे बारीक तंतू फुटले होते, नुकतेच, पाण्याच्या वासानं धावत आलेले. तिनं ते बघितले. औंदा हे झाड फुलणार नव्हतं. पुढच्या मृगापर्यंत तिला काहीच कळणार नव्हतं, आणि कदाचित त्याच्या पुढच्याही.

ती उकरत राहिली. मुळी दिसली की कुदळ ठेवून हातानं, मुळी सुटली की परत कुदळ. पलीकडं दोघं भाऊ सुतळी धरून ओळीच्या कडेनं चालले होते. एक ओरडत होता, दुसरा "ताणा की जरा, नाना" म्हणत होता. मधूनच खुंटीवर दगडाचा ठोका ऐकू येत होता.

भागूबाई आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं तो सरूबाईसमोर धरला. सरूबाईच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, घाम हनुवटीवरून मुळीवर पडत होता. तिनं तांब्याकडं बघितलं नाही.

मग भागूबाईनं तांब्या बांधावर ठेवला, नऊवारीचा ओचा खोचला, झाडाच्या पलीकडच्या बाजूला गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी चिखल ओढायला लागली. संधिवातानं तिला बोटं नीट मिटता येत नव्हती. मूठभर घ्यायची तर निम्मा सांडत होता.

सरूबाई कुदळ मारत होती ती त्याच बाजूला तोंड करून. प्रत्येक वेळी उपसलेली माती उडून भागूबाईच्या पदरावर, मांडीवर, पांढऱ्या केसांवर पडत होती. सरूबाईनं बाजू बदलली नाही. भागूबाईनंही जागा सोडली नाही.

घरातून मनकर्णाबाईची हाक आली, नैवेद्य झालाय म्हणून. कुदळ चालूच राहिली.